पाणी सोडणारा पंप

वैशाखाचा उत्तरार्ध लागला की डोंबिवलीतील ज्या जुन्या चाळींच्या, बंगल्यांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत विहिरी अद्याप बुजवल्या गेलेल्या नाहीत, तेथे एक तक्रार दरसाल नेमाने उद्भवते : पंप पाणी सोडतो. बूच काढून तांब्यातांब्याने पंपात पाणी भरावे, बूच आवळावे, बटण दाबावे, गच्चीवरच्या टाकीत थोडा वेळ जोमदार धार पडावी, आणि मोटारीचा भरदार आवाज एकाएकी पोकळ होऊन धार तुटावी. पुन्हा बूच, पुन्हा तांब्या, पुन्हा तोच प्रकार. असे आठवडाभर चालले की रहिवाशांचा धीर सुटतो, मामला संस्थेच्या कार्यकारिणीपुढे जातो आणि नव्या पंपासाठी वर्गणीची तजवीज सुरू होते. माझे स्पष्ट मत असे की अशा बहुतेक प्रसंगी पंप निर्दोष असतो. दोष असतो तो पंपाच्या खाली, विहिरीच्या अंधारात उतरलेल्या नळात, त्याच्या सांध्यांत किंवा त्याच्या पायाशी बसवलेल्या झडपेत. आणि कित्येकदा तर दोष कोठेच नसतो, केवळ विहिरीतील पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. एवढी गोष्ट घरमालकाला आणि संस्थेच्या सचिवाला उमगली तर पुष्कळसा खर्च आणि त्याहून अधिक मनस्ताप टळेल, ह्या हेतूने हा विषय येथे जरा विस्ताराने मांडला आहे.

डोंबिवलीला पिण्याचे पाणी नळाने येते. शहराचे पाणी मुख्यत्वे उल्हास नदीतून उचलले जाते, आणि औद्योगिक वसाहतीच्या अंगास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, बारवी धरणाच्या साठ्याशी निगडित असलेले जाळे पसरलेले आहे. मग विहिरीचे प्रयोजन काय, असा प्रश्न नव्या इमारतीत राहावयास आलेल्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना फलकावर लागते त्या दिवशी त्याला उत्तर मिळते. धुणीभांडी, संडास, जिन्यांची धुलाई, अंगणातील झाडे ही सारी त्या दिवशी विहिरीच्या भरवशावर असतात, आणि ज्या संस्थेने विहीर राखली ती टँकरच्या रांगेतून सुटते. मात्र ह्या विहिरींचा स्वभाव ओळखून असावे लागते. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो खरा, परंतु येथील भूमी म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा थिजलेला काळा कातळ, आणि अखंड कातळाच्या अंगी पाणी साठवण्याचे सामर्थ्य फारसे नाही. जे काही पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत; सबब भाद्रपदात जी विहीर हाताने पाणी घ्यावे इतकी तुडुंब असते, तीच वैशाखात खोल जाऊन झऱ्यांच्या बारीक धारांवर कशीबशी तग धरते. पंप मात्र बारा महिने काठावरच्या त्याच ओट्यावर बसलेला असतो. पाण्याची पातळी हलते आणि पंप हलत नाही, ह्या विसंगतीत अर्ध्या तक्रारींचे मूळ आहे.

पंपात पाणी भरावे का लागते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. पंप पाणी ओढून घेतो असे आपण म्हणतो, परंतु पाण्याला ओढण्याची शक्ती कोणत्याही यंत्रात नाही. पंप आपल्या पोटातील पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे आत दाब कमी होतो, आणि विहिरीच्या पृष्ठभागावर दाबून बसलेले वातावरण खालचे पाणी नळातून वर ढकलते. इटलीतील फ्लॉरेन्सच्या परिसरातील पंप करणाऱ्या कारागिरांना हा अनुभव फार पूर्वी आला होता की कितीही कसोशीने केलेला पंप तेथील मापाच्या सुमारे अठरा हातांपलीकडे पाणी उचलत नाही. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग योजून ह्या मर्यादेचे कारण वातावरणाचा भार हेच आहे असे दाखवून दिले. समुद्रसपाटीला हा भार पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंच स्तंभ किंवा पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. डोंबिवली खाडीकाठची, त्यामुळे तिला ह्या भाराचा पुरेपूर लाभ मिळतो. महाबळेश्वरच्या उंचीवर तोच स्तंभ सुमारे दीड मीटरने उणा होतो.

आता पंपाच्या पोटात पाण्याऐवजी हवा असेल तर काय होते? विहिरींवर सर्रास दिसणारा पंप केंद्रोत्सारी जातीचा असतो. त्याच्या आत इंपेलर नावाचे पात्यांचे चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेत पाण्याला परिघाकडे झुगारते. असा पंप एखाद्या वेगाला पाणी २० मीटर उंच चढवत असेल, तर हवाही तो हवेच्या २० मीटर उंचीइतकीच रेटू शकतो. हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी. तेव्हा हवेच्या २० मीटर स्तंभाचा दाब पाण्याच्या जेमतेम अडीच सेंटिमीटरांएवढा भरतो. म्हणजे हवेने भरलेला पंप दिवसभर फिरवला तरी नळातील पाणी बोटभर उंचीने वर येऊन तेथेच थबकणार. मोटार गरगर फिरते आहे आणि पाणी येत नाही, ह्याचा अर्थ मोटारीत जोर नाही असा लावणे किती चुकीचे आहे, हे ह्या साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. शिवाय असा कोरडा पंप फिरवत ठेवणे घातकच, कारण त्याच्या सीलला थंडावा व ओलावा देणारे तेच पाणी असते.

ज्या मोटेने महाराष्ट्राची शेती शतकानुशतके भिजवली तिला ही अडचण नव्हती, कारण मोट पाण्यात बुडते, भरते आणि बैल तिला वर आणतात. तिच्यात वातावरणाच्या भाराचा संबंध नाही. आपल्याकडे मोटेकडून पंपाकडे हे परिवर्तन घडवण्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा वाटा मोठा आहे. औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर त्यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि लोखंडी नांगरापासून सुरुवात केलेल्या त्या कारखान्यातून १९२६ साली केंद्रोत्सारी पंप बाहेर पडला. पुढे तेल-इंजिने आली, विजेच्या मोटारी आल्या, आणि मोटेची धाव ओस पडली. यंत्र घरोघर पोहोचले, परंतु यंत्रामागील तत्त्व त्याच्या मागोमाग पोहोचले नाही, ही खंत मला वारंवार वाटते. नाहीतर पाणी न येण्याच्या प्रत्येक प्रसंगी मोटार खोलण्याची घाई झाली नसती.

दहा मीटरांची मर्यादा ही कागदावरची. प्रत्यक्षात नळातील घर्षण, प्रत्येक कोपऱ्यावरील एल्बो, तळाची जाळी, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब हे सारे आपापला वाटा काढून घेतात, आणि घरगुती पंपाच्या हाती सहा ते सात मीटरच उरतात. म्हणून पंपाविषयी पहिला उपाय पान्याने करावयाचा नसून दोरीने करावयाचा आहे. एका लांब सुतळीला लहानसा दगड बांधून ती पंपाच्या पातळीपासून पाण्यापर्यंत सोडावी आणि अंतर मोजावे. मग पंप चालवून, धार तुटते त्या क्षणी, पुन्हा मोजावे. दुसरे माप महत्त्वाचे. पंप उपसा करू लागला की कातळातील झरे त्याच्या वेगाला पुरे पडत नाहीत आणि विहिरीतील पातळी डोळ्यांदेखत उतरते. सकाळी साडेपाच मीटरांवर असलेले पाणी अर्ध्या तासात साडेसात मीटरांवर गेले असेल, तर पंपाने पाणी सोडले ह्यात त्याचा काय अपराध? तसेच नळाचे तोंड पाण्याखाली निदान हातभर बुडालेले राहिले पाहिजे. पातळी त्याहून उतरली की पृष्ठभागावर भोवरा पडतो आणि त्याच्या मध्यातून हवा सरळ नळात शिरते. अशा वेळी डिलिव्हरीचा, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या नळावरचा, व्हॉल्व्ह थोडा आवळून उपसा मंद करावा किंवा पंप थांबतथांबत चालवावा.

माप आवाक्यातील निघाले, तर मग गळतीचा शोध. येथे एक गोष्ट सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे, आणि तीच ह्या विषयाची किल्ली आहे. टाकीकडे जाणाऱ्या नळाला भोक पडले तर पाणी बाहेर उडते आणि दोष तत्काळ दिसतो. विहिरीकडून येणाऱ्या सक्शनच्या नळाला भोक पडले तर, पंप चालू असताना, बाहेर काहीच येत नाही. आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने हवाच गुपचूप आत जाते. शहाळ्याच्या नळीला दाताने बारीकशी चीर पडली की पाणी तोंडात येईनासे होते आणि नळी मात्र बाहेरून कोरडीच राहते, तसा हा प्रकार. केसाएवढ्या फटीतून शिरलेली हवा बुडबुड्यांनी इंपेलरच्या मध्याशी साचत जाते आणि काही मिनिटांत धार तुटते. म्हणूनच पंप चालू असताना नळाकडे कितीही निरखून पाहिले तरी दोष सापडत नाही.

तो सापडतो पंप बंद असताना. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करून, बूच काढून, पंप व सक्शनचा नळ काठोकाठ भरावा. आता नळातील पाण्याचा भार आतून बाहेर आहे, म्हणून जेथून मघाशी हवा आत जात होती तेथूनच आता पाणी बाहेर झिरपेल. रामनगरच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीच्या विहिरीवर एका वयस्क प्लंबरने हे काम ज्या शांतपणे केले ते माझ्या स्मरणात आहे. त्याने पंप भरला, प्रत्येक सांधा जुन्या धोतराच्या फडक्याने खरखरीत कोरडा पुसला, सांध्यांभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळली आणि तो कठड्यावर बसून राहिला. काही वेळाने पंपाच्या तोंडाजवळच्या युनियनवरील कागदावर रुपयाएवढा ओला डाग उमटला. थेंब पडलाच नव्हता, नुसता कागद ओलावला होता. त्याने युनियन उघडली, जुना ताग व वाळून कडक झालेला सफेदा खरवडून काढला, आट्यांवर टेफ्लॉनची टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली, नवे वॉशर घालून युनियन आवळली, आणि पंप त्यानंतर धार धरून राहिला. नवीन पंपाची अंदाजपत्रके तोवर मागवून झाली होती. कागदाऐवजी साबणाचा दाट फेसही चालतो, परंतु त्याची परीक्षा पंप चालू ठेवून घ्यावयाची : ज्या सांध्यावरील फेस आत ओढला जाऊन तेथे खळगा पडतो, तो सांधा दोषी. लोखंडी नळाला पाण्याच्या पातळीजवळ, जेथे तो कधी ओला व कधी कोरडा असतो, गंजाची बारीक भोके पडतात; प्लॅस्टिकच्या नळाला उन्हाने चिरा जातात; आणि लवचीक होज वापरली असेल तर तिच्या क्लिपा ढिल्या होतात किंवा आतले अस्तर सुटून ते ओढीबरोबर मिटते, बाहेरून होज धडधाकट दिसत असतानाही.

नळ भरल्यावर सगळे सांधे कोरडे राहिले, आणि तरीही बुचातून दिसणारी पाण्याची पातळी हळूहळू खाली जाऊ लागली, तर पाणी जाण्याला एकच वाट उरते : तळाचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपले शेतकरी फुटबॉल म्हणतात. ही एकमार्गी झडप. पाण्याला वर येऊ देते, परत जाऊ देत नाही, आणि पंप बंद असताना नळातील सगळा स्तंभ एकटी पेलून धरते. तिच्या बैठकीवर वाळूचा कण अडकला, आंब्याच्या पानाचे देठ आडवे आले, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा जाळीतून आत सरकला किंवा चामड्याचे अथवा रबराचे वॉशर झिजले, की रातोरात नळ रिकामा होतो आणि सकाळी पंप पुन्हा तांब्याने भरावा लागतो. संध्याकाळी भरलेला पंप सकाळी रिकामा सापडत असेल परंतु एकदा भरल्यावर तासभर बिनतक्रार चालत असेल, तर फूट व्हॉल्व्हकडे बोट दाखवावे. भरला तरी चालता चालता धार तुटत असेल, तर हवेच्या गळतीकडे किंवा खालावलेल्या पातळीकडे. एवढा एक भेद लक्षात ठेवला तरी अर्धे निदान घरबसल्या होते. फूट व्हॉल्व्ह वर काढून घासून धुतला आणि नवे वॉशर घातले तर काम भागते. पितळी व्हॉल्व्हच्या बैठकीला खाच पडली असेल तर मात्र तो बदलणेच हितकर. परत बसवताना त्याचा तळ विहिरीच्या गाळापासून फूटभर उंच राहील अशी काळजी घ्यावी, अन्यथा तोच गाळ पुन्हा बैठकीवर येऊन बसेल.

खेड्यांत ह्यावर एक जुनी वहिवाट आहे : पंपात शेणकाला ओतायचा. शेणातील तंतू झडपेच्या फटीत बसतात आणि काही काळ पाणी थांबते. अडचणीच्या वेळी एकदा केले तर समजू शकते, परंतु ज्या विहिरीचे पाणी माणसे भांड्याकुंड्यांना वापरतात तिच्यात शेण उतरवणे मला अजिबात मान्य नाही. शहरात त्याऐवजी दुसरी युक्ती रूढ झाली आहे. गच्चीवरच्या टाकीतून एक बारीक नळी पंपात आणतात आणि तिचा कॉक उघडून पंप भरून घेतात. सोय म्हणून ही चांगली. मात्र कॉक चुकून उघडा राहिला तर वर चढवलेले पाणी गळक्या फूट व्हॉल्व्हवाटे रात्रभर विहिरीत परत जाते, आणि विजेचे बिल येईपर्यंत कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. काही कारागीर फूट व्हॉल्व्ह काढण्याचे कष्ट वाचवण्यासाठी पंपाच्या तोंडाशीच एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून देतात. त्याने पंपाचे पोट भरलेले राहते, पण खालच्या नळात कोठून जराशी हवा शिरली की तो रिकामा होतो, आणि त्या नळातील सगळी हवा पंपाने सुरू होताच आपल्या अंगावर घ्यायची असते. ही तजवीज कुचकामी आहे. तिच्यावर पैसे घालवू नयेत.

पंपाच्या स्वतःच्या अंगी हवा शिरण्याचे स्थान मुख्यतः एकच : जेथून मोटारीचा दांडा आत जातो ते. जुन्या पंपांत तेथे ग्लँड असते आणि तिच्यात ग्रॅफाइट लावलेली दोरी भरलेली असते. ती थेंब थेंब गळत राहावी अशीच तिची रचना आहे, आणि गळते म्हणून ती करकचून आवळणारा मनुष्य दोरी जाळतो व दांडाही खरवडतो. नव्या मोनोब्लॉक पंपांत मेकॅनिकल सील असते, तेथे मात्र थेंबही दिसता कामा नये. नळाच्या मांडणीकडेही एकदा पाहून घ्यावे. विहिरीपासून पंपापर्यंत सक्शनचा नळ सतत चढता असावा; मध्ये कोठे कमान झाली तर तिच्या माथ्यावर हवा साचते आणि ती कितीही पाणी भरले तरी हलत नाही. पंपाच्या तोंडाहून अरुंद नळ जोडणे हीही सर्रास आढळणारी चूक आहे.

संस्थेकडे थोडी ऐपत असेल तर सक्शनच्या बाजूस एक व्हॅक्यूम गेज बसवून घ्यावा; तो फार महाग नसतो आणि एखाद्या अनुभवी मुकादमासारखी बिनचूक साक्ष देतो. पाणी एक मीटर उचलण्यास पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटरांची ओढ लागते. पाणी येत नसताना काटा शून्याजवळ लोळत असेल तर हवा शिरते आहे किंवा पंप भरलेलाच नाही. काटा साडेपाचशेच्या पुढे गेला असेल आणि तरीही पाणी नसेल तर जाळी तुंबली आहे किंवा पाणी फार खोल गेले आहे. तीन फेजची मोटार असेल आणि नुकतेच विजेच्या जोडणीचे काम झाले असेल, तर ती उलटी फिरत नाही ना हेही पाहावे. उलट फिरणारा पंप पाणी थोडेफार देतो, त्यामुळे हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

सगळे तपासूनही वैशाखातील माप सात मीटरांच्या पलीकडेच राहत असेल, तर काठावरच्या पंपाशी झगडण्यात अर्थ नाही. जुन्या विहिरींच्या बांधणीत मध्ये टप्पा असतो, तेथे पंप खाली उतरवता येतो; परंतु पावसाळ्यापूर्वी तो वर आणण्याची आठवण ज्यांना राहील त्यांनीच हा मार्ग धरावा. जेट पंप दोन नळांनी काम करतो आणि खोलवर पोहोचतो, मात्र त्यात वीज अधिक खर्ची पडते. ज्या विहिरीवर नित्य उपसा आहे तिच्यासाठी पाण्यात बुडवून ठेवण्याचा सबमर्सिबल पंप हाच माझ्या मते योग्य. तो पाण्यातच असल्याने त्याला भरावे लागत नाही, फक्त पाणी संपल्यावर तो आपोआप बंद पडेल अशी व्यवस्था त्याला जोडलेली असावी.

फूट व्हॉल्व्ह काढण्याची वेळ आली तर नळ वरून कप्पीने ओढून काढावा, माणूस खाली उतरवू नये. खोल व बंदिस्त विहिरीच्या तळाशी कर्बवायू साचतो, प्राणवायू उणावतो, आणि त्याचा वास येत नाही. पहिला माणूस कोसळला म्हणून त्याला वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो, अशा दुर्घटना महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात घडतात. पेटता कंदील तळाशी सोडून तो विझतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरण्याचा विचारच सोडावा, परंतु तो तेवत राहिला एवढ्यावरही विसंबू नये, कारण विषारी वायूची बातमी कंदील देत नाही. उतरणे अगदीच अपरिहार्य झाले तर वायू मोजण्याचे यंत्र असलेला जाणकार माणूसच उतरावा, त्याच्या कमरेला दोर असावा, तो धरून वर निदान दोघे उभे असावेत, आणि तेलावर चालणारे इंजिन विहिरीच्या आत कधीही सुरू करू नये. मुख्य स्विच बंद केला एवढ्यावर समाधान मानू नये. फ्यूज काढून तो उतरणाऱ्याच्याच हाती द्यावा, म्हणजे वरून कोणी अनवधानाने बटण दाबले तरी विहिरीत वीज पोहोचणार नाही.